काउंटीच्या मंडळांमधील रिकाम्या खुर्च्या : आयोवातील अनुभव आणि काही प्रश्न

माळरान (धागाकर्ता)

आयोवा राज्याच्या दक्षिण भागातील एका ग्रामीण काउंटीत मी गेली अठरा वर्षे राहतो आहे. त्यांपैकी पाच वर्षे मी आमच्या काउंटीच्या निसर्गसंवर्धन मंडळाचा बिनपगारी सदस्य होतो आणि गेल्या डिसेंबरात माझी मुदत संपली. अमेरिकेच्या राजकारणाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते, परंतु ते बहुधा वॉशिंग्टनपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या घरापासून चार मैलांवरचा माळ कोणत्या वर्षी पेटवायचा, शेजाऱ्याने बांधलेले गोदाम रस्त्यापासून किती अंतरावर असावे, काउंटीतील परिचारिकेने कोणत्या कामाला आधी वेळ द्यावा, हे प्रश्न संध्याकाळी कामावरून आलेली पाच माणसे एका टेबलाभोवती बसून सोडवतात. त्या टेबलाविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आयोवात ९९ काउंट्या आहेत. क्षेत्रफळाने काउंटी साधारण आपल्याकडील तालुक्याएवढी असते, पण माणसे फार थोडी. ॲडम्स काउंटीत २०२० च्या जनगणनेनुसार केवळ ३,७०४ लोक राहत होते. प्रत्येक काउंटीचा कारभार तीन किंवा पाच निवडून आलेले सुपरवायझर पाहतात आणि त्यांना वेतन असते. त्यांच्याभोवती मात्र अनेक मंडळे असतात आणि त्यांतील बहुतेक सदस्य विनामूल्य काम करतात. निसर्गसंवर्धन मंडळ, आरोग्य मंडळ, जमीनवापराच्या नियमांतून सवलत मागणाऱ्यांचे अर्ज ऐकणारे बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंट, माजी सैनिकांसाठीचा आयोग आणि इतर काही. सुपरवायझर या सदस्यांची नेमणूक करतात. विद्यापीठाच्या कृषी विस्तारसेवेची परिषद मात्र थेट मतदानाने निवडली जाते. तिच्यात प्रत्येक ठिकाणी नऊ सदस्य असतात आणि राज्यात असे १०० विस्तार-जिल्हे आहेत, म्हणजे एवढ्या एका कामासाठीच ९०० माणसे लागतात.

निसर्गसंवर्धन मंडळांचा कायदा १९५५ चा आहे. काउंटीतील मतदारांनी मतदानाने मान्यता दिली तर असे मंडळ स्थापन करता येते, अशी त्यात तरतूद होती, आणि आज सर्व ९९ काउंट्यांत ती आहेत. सदस्य पाच, मुदत पाच वर्षांची. पहिल्या सदस्यांना एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या वेगवेगळ्या मुदती दिल्या गेल्यामुळे दर वर्षी एकच जागा मोकळी होते, आणि मंडळात नेहमी चार माणसे अनुभवी व एक नवी असते. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. मानधन नाही, प्रत्यक्ष झालेला खर्च तेवढा मिळू शकतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझ्या तिसऱ्या वर्षी एका सदस्याने गाव सोडले आणि ती जागा चौदा महिने रिकामी राहिली. एकही अर्ज आला नाही. उरलेल्या चौघांपैकी दोघे शेतकरी होते. आमच्या ताब्यात उंच गवताच्या मूळ माळाचा एक छोटा तुकडा आहे. एके काळी आयोवाचा बहुतांश भाग या गवताने झाकलेला होता आणि आज त्याच्या एक दशांश टक्क्याहूनही कमी शिल्लक आहे, म्हणून त्या तुकड्याचे मोल एकरांत मोजता येत नाही. तो माळ काही वर्षांच्या अंतराने वसंतात नियंत्रित रीतीने पेटवावा लागतो, नाहीतर त्यात सिडारची झाडे आणि बाहेरची गवते शिरतात. त्या वर्षी शेजारच्या शेतकऱ्याशी करावयाच्या कराराला मंडळाची मंजुरी आवश्यक होती. मार्चची बैठक बर्फाच्या वादळात सापडली आणि दोनच सदस्य पोहोचू शकले. गणपूर्ती तिघांची असल्यामुळे सभा झाली नाही. एप्रिलमध्ये एक सदस्य रुग्णालयात होता आणि एकाच्या शेतावर पेरणीची घाई होती. पुन्हा दोघेच. मे महिन्यात करार मंजूर झाला तेव्हा गवत हिरवे झाले होते आणि पक्ष्यांची घरटीही सुरू झाली होती. माळ पेटला नाही, पुढच्या वर्षी सिडारची रोपे गुडघ्याएवढी झाली आणि ती काढण्यासाठी आम्हाला माणसे लावावी लागली. एका रिकाम्या खुर्चीमुळे हे सर्व घडले. त्या खुर्चीवर बसण्यासाठी कोणतीही पदवी लागत नव्हती, महिन्यातील एक संध्याकाळ लागत होती.

बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंटमध्ये तर हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तिथेही पाच सदस्य असतात, त्यांतील बहुसंख्य शहरहद्दीबाहेर राहणारे असावे लागतात, आणि अर्जदाराच्या बाजूने निर्णय होण्यासाठी तीन मते लागतात. ही तीन मते उपस्थितांच्या प्रमाणात मोजली जात नाहीत. पाच जण हजर असतील तर अर्जदाराला पाचांपैकी तिघांना पटवायचे असते आणि तिघेच हजर असतील तर तिघांनाही. रिकामी जागा तटस्थ नसते, ती प्रत्येक वेळी अर्जदाराच्या विरुद्ध मत देते.

आमच्या भागात भारतीय कुटुंबे थोडी आहेत, मराठी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आपण कर भरतो, मुले इथल्या शाळांत शिकतात, तरीही या मंडळांवर आपले कोणी फारसे दिसत नाही. ‘आपल्याला कोण विचारणार’ असे मीही दहा वर्षे म्हणत होतो. प्रत्यक्षात कोणीच कोणाला विचारत नसते आणि अर्ज एका पानाचा असतो. अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी, तो अमेरिकेतील असो वा महाराष्ट्रातील ग्रामसभेचा, इथे लिहावे अशी विनंती आहे.

जुना ग्रामसेवक

आपला धागा दोनदा वाचला. सातारा जिल्ह्यात मी एकतीस वर्षे ग्रामसेवक म्हणून नोकरी केली, त्यामुळे गणपूर्तीचा परिच्छेद वाचताना माझे अनेक दुपारचे प्रसंग डोळ्यांपुढे उभे राहिले. आमच्याकडे ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हेतू चांगला होता, गावाचे काम अडू नये. परिणाम असा झाला की अनेक गावांत पहिली सभा केवळ तहकूब करण्यासाठी बोलावली जाते आणि खरे ठराव दुसऱ्या सभेत वीस-पंचवीस माणसांत होतात. आपल्या माळाचे नुकसान झाले हे वाईटच, परंतु दोन सदस्यांनी तो करार परस्पर मंजूर केला नाही, ही गोष्ट मला नुकसानीपेक्षा मोठी वाटते.

एक विचारतो. इतिवृत्त कोण लिहितो आणि ते लोकांना केव्हा पाहायला मिळते?

माळरान

ग्रामसेवक काका, तहकूब सभेचा मुद्दा मला माहीत नव्हता. आमच्याकडे अशी पळवाट नाही. गणपूर्ती नसेल तर निर्णय नाही, मग ती सभा कितव्यांदा बोलावलेली असो.

इतिवृत्त आमच्या कार्यालयातील कर्मचारी लिहितात आणि पुढच्या बैठकीत मंडळ ते मंजूर करते. आयोवाच्या खुल्या सभांच्या कायद्यानुसार बैठकीची सूचना आणि संभाव्य विषयपत्रिका किमान २४ तास आधी लावावी लागते. प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी कळेल अशा रीतीने नोंदवावे लागते. बंद दाराआड बसायचे असेल तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एक कारण सांगून, दोन तृतीयांश सदस्यांच्या किंवा हजर असलेल्या सर्वांच्या मताने तसे जाहीरपणे ठरवावे लागते, आणि अंतिम निर्णय पुन्हा दार उघडूनच घ्यावा लागतो.

याच संदर्भात माझ्या हातून झालेली एक चूक लिहितो. पहिल्या वर्षी एका बैठकीनंतर आम्ही तिघे सदस्य वाहनतळावर उभे राहून पुढच्या बैठकीतील एका जमीनखरेदीविषयी बोलत होतो. कोणाचाही वाईट हेतू नव्हता. आमच्या संचालिका बाहेर आल्या, थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या की तुम्ही तिघे म्हणजे बहुमत आहात, आणि बहुमताने मंडळाच्या विषयावर विचारविनिमय केला की ती सभा होते, जिची सूचना कोणीही लावलेली नाही. त्यानंतर आम्ही वाहनतळावर हवामानाबद्दलच बोलू लागलो. ईमेलवर सर्वांना एकदम उत्तर देणेही मी त्या दिवसापासून बंद केले.

नदीकाठ

मी मिसुरीच्या सीमेजवळ एका गावात राहते आणि सहा वर्षे रुग्णवाहिकेच्या स्वयंसेवी पथकात काम केले आहे. आपण मंडळांविषयी लिहिलेत, मला त्यापलीकडचे एक उदाहरण द्यायचे आहे.

आयोवात पोलीस आणि अग्निशमन या सेवा पुरवणे स्थानिक शासनावर बंधनकारक आहे, रुग्णवाहिका मात्र तशी नव्हती. ग्रामीण भागात ती गेली कित्येक दशके स्वयंसेवकांच्या खांद्यावर उभी आहे. आमच्या पथकात एके काळी बावीस जण होते, मी सोडले तेव्हा आठ होते आणि त्यांतील तिघे साठीच्या पुढचे. प्रशिक्षणाचे तास वाढले, लोक कामासाठी चाळीस मैलांवरच्या शहरात जाऊ लागले, आणि दिवसा गावात थांबणारे हात उरले नाहीत. २०२१ मध्ये झालेल्या कायद्याने काउंटीला ही सेवा ‘आवश्यक’ म्हणून घोषित करण्याचा आणि तिच्यासाठी वेगळा कर लावण्याचा अधिकार दिला, परंतु त्यासाठी सार्वमतात ६० टक्के मते मिळावी लागतात. घोषणेसोबत एक सल्लागार परिषद नेमावी लागते. मी त्या परिषदेवर होते.

परिषदेने काय केले असे विचाराल तर आम्ही गावोगावच्या सभागृहांत जाऊन खरे आकडे मांडले. मागच्या वर्षी किती वेळा बोलावणे आले, किती वेळा पहिल्या पथकाकडे माणूस नव्हता आणि शेजारच्या गावाची गाडी बोलवावी लागली, त्यात किती मिनिटे गेली. एका वृद्ध शेतकऱ्याने उठून सांगितले की तो आजवर प्रत्येक कराच्या विरोधात मत देत आला आहे, परंतु त्याच्या पत्नीसाठी गाडी आली तेव्हा ती चालवणारा मुलगा रात्रपाळी संपवून थेट आला होता, आणि हे त्याला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हते. आमचे सार्वमत मंजूर झाले. शेजारच्या काउंटीत ते ६० टक्क्यांपर्यंत पोहोचू शकले नाही.

माझा आक्षेप इतकाच आहे की ‘विनामूल्य’ या शब्दाचे आपण कौतुक करतो तेव्हा ते कोणाला परवडते हेही पाहावे. तासावर पगार घेणारी, लहान मुलांची आई असलेली स्त्री मंगळवारी संध्याकाळी सात वाजता कशी येईल? आमच्या परिषदेवर सात जणांत मी एकटी स्त्री होते.

सह्यकडा

नदीकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून विचारतो. महाराष्ट्रात शाळा व्यवस्थापन समितीत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तिथे अशी काही अट नाही का?

माळरान

होती. आयोवाने १९८७ मध्ये राज्यपातळीवरील मंडळांसाठी स्त्री-पुरुष समतोलाचा नियम केला आणि १ जानेवारी २०१२ पासून तो काउंटी आणि शहरांच्या नियुक्त मंडळांनाही लागू झाला. तीन महिने प्रामाणिक प्रयत्न करूनही योग्य व्यक्ती मिळाली नाही, तर कोणाचीही नेमणूक करण्याची मुभा होती. २०२४ मध्ये विधिमंडळाने हा नियम रद्द केला. पात्रतेवरच निवड व्हावी, असे रद्द करणाऱ्यांचे म्हणणे होते.

मी त्या नियमाच्या काळात काम केले आहे आणि माझे मत स्पष्ट आहे. नियमाचा खरा उपयोग त्या तीन महिन्यांत होता. त्यामुळे सुपरवायझरांना आपल्या नेहमीच्या ओळखीबाहेर फोन करावे लागत. आमच्या मंडळात आलेली एक निवृत्त शिक्षिका अशाच फोनमुळे आली, आणि मुलांसाठी माळावरच्या सहली तिने सुरू केल्या. ती अपात्र नव्हती. तिला तोपर्यंत कोणी विचारले नव्हते, एवढेच.

नदीकाठ यांच्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आम्ही बैठक साडेपाचला घेऊन पाहिली, त्याने एका आईची सोय झाली आणि गायींचे दूध काढणाऱ्या एकाची गैरसोय. दूरध्वनीवरून सहभागाची सोय केल्यावर मात्र हिवाळ्यातील उपस्थिती सुधारली.

दूरचा डॉक्टर

मी तीन वर्षे ग्रामीण सेवा करण्याच्या अटीवर इथे आलो. बाहेरच्या देशांतून शिकायला आलेल्या डॉक्टरांसाठी प्रत्येक राज्याला अशा ३० जागांची शिफारस करता येते, आणि लहान काउंट्यांतील कितीतरी दवाखाने त्यावरच चालतात. माझी तीन वर्षे संपून सात वर्षे झाली, मी इथेच राहिलो. मागच्या महिन्यात एका सुपरवायझरांनी मला काउंटीच्या आरोग्य मंडळावर येण्याविषयी विचारले. पाच सदस्यांत किमान एक परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिक असावा लागतो आणि सध्याचे डॉक्टर निवृत्त होत आहेत. मी विचार करतो म्हणून सांगितले. खरे कारण असे की मी आधीच आठवड्याला साठ तास काम करतो, आणि २०२० च्या कोविडच्या साथीनंतर या मंडळांवरील लोकांना किती कटू बोलणे ऐकावे लागले ते मी पाहिले आहे.

माळरान

डॉक्टर, आपली भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. आमच्या आरोग्य मंडळाचे एक सदस्य त्या काळात पायउतार झाले, आणि ते भ्याले म्हणून नव्हे, किराणा दुकानात त्यांच्या पत्नीशी लोक बोलेनासे झाले म्हणून. छोट्या गावात निर्णय घेणाऱ्याला निर्णयानंतरही त्याच लोकांत राहायचे असते.

परंतु त्याच गोष्टीची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. इथे टाउनशिपचे, म्हणजे काउंटीच्या एका छोट्या ग्रामीण विभागाचे, तीन निवडून आलेले विश्वस्त असतात. दफनभूमीची देखभाल आणि अग्निशमनाची व्यवस्था ही त्यांची कामे, आणि त्याखेरीज त्यांच्यावर कुंपणाच्या वादांचा निवाडा करण्याची जबाबदारी असते. कायद्यात त्यांना ‘फेन्स व्ह्यूअर’ असे नाव आहे. दोन शेजाऱ्यांत हद्दीवरचे कुंपण कोणी किती बांधायचे यावर जमले नाही तर हे तिघे प्रत्यक्ष बांधावर जातात, दोघांचे ऐकतात आणि लेखी आदेश देतात. तो मान्य नसेल तर जिल्हा न्यायालयात अपील करता येते. इथे एक जुना प्रघातही आहे. दोघांनी हद्दीच्या मध्यावर एकमेकांकडे तोंड करून उभे राहायचे, आणि ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग येईल तो त्याने राखायचा. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या करणारी घरे मी आमच्या गावी पाहिली आहेत, म्हणून मी एकदा असा निवाडा पाहायला मुद्दाम गेलो. तिघांपैकी एक विश्वस्त दोन्ही पक्षांचा नातलग होता आणि दुसऱ्याची गुरे शेजारच्याच कुरणात चरत होती. तरीही कोणी आवाज चढवला नाही. विश्वस्तांनी दोरी टाकून अंतर मोजले, एका ओढ्यापाशी काम अवघड आहे म्हणून त्या बाजूच्या माणसाला थोडा कमी भाग दिला आणि कागदावर सह्या केल्या. ते बाहेरचे नव्हते आणि त्यांना तिथे उद्याही राहायचे होते, म्हणूनच दोघांनी ते ऐकले असे मला वाटते.

जुना ग्रामसेवक

तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली, तेव्हा आमच्या समितीने बांधांचे काही वाद असेच जागेवर जाऊन मिटवले होते. पहिली दोन वर्षे समिती उत्साहात होती. पुरस्कार मिळाल्यावर बैठका विरळ झाल्या आणि पुढे अध्यक्षपदासाठीच तंटे होऊ लागले. आपल्याकडील विश्वस्तांना आदेश देण्याचा कायदेशीर अधिकार आहे आणि त्यावर अपीलही आहे. आमच्या समितीचे सारे बळ गावाच्या शब्दावर होते, आणि तो शब्द सैल झाल्यावर हातात काही उरले नाही.

सह्यकडा

अधिकाराचा विषय निघाला म्हणून. या मंडळांना सर्वच स्थानिक प्रश्नांवर अधिकार असतो का? वराहपालनाच्या मोठ्या गोठ्यांवरून आयोवात बराच असंतोष आहे असे वाचले होते.

माळरान

नाही, आणि तिथेच लोकांचा सर्वाधिक हिरमोड होतो. शेतीच्या इमारतींना काउंटीच्या जमीनवापराच्या नियमांतून कायद्यानेच सूट आहे. मोठ्या बंदिस्त गोठ्यांना परवानगी राज्याचे नैसर्गिक संसाधन खाते देते. काउंटीने दर जानेवारीत ठराव केला तर तिला ‘मास्टर मॅट्रिक्स’ नावाच्या गुणपत्रकानुसार अर्ज तपासता येतो. त्यात ४४ निकष आणि ८८० गुण आहेत, आणि ४४० गुण मिळाले, शिवाय हवा, पाणी व लोकवस्ती या प्रत्येक गटात किमान २५ टक्के मिळाले, की अर्ज उत्तीर्ण होतो. सुपरवायझर विरोधी शिफारस करू शकतात, अंतिम निर्णय त्यांचा नसतो. अशा एका सुनावणीला दोनशे माणसे आलेली मी पाहिली आहेत. त्याच महिन्यात आमच्या मंडळाच्या अर्थसंकल्पाच्या सुनावणीला एकही नागरिक आला नव्हता, आणि तिथे मात्र प्रत्येक डॉलरचा निर्णय आम्हीच घेणार होतो.

दूरचा डॉक्टर

आज दुपारी काउंटीचे दफ्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे ऑडिटरच्या, कार्यालयातून अर्ज आणला. एकच पान आहे. ‘आपण या मंडळावर का येऊ इच्छिता’ या प्रश्नापुढे चार ओळींची जागा आहे आणि मी तिथे अडलो आहे. आपण काय लिहिले होते?

माळरान

मी लिहिले होते की मी दर रविवारी त्या माळावर चालायला जातो आणि तिथल्या फलकावरील पक्ष्यांची नावे पुसट झाली आहेत, ती पुन्हा रंगवावीत असे मला वाटते. फलक माझ्या दुसऱ्या वर्षी रंगवले गेले. आपण आपल्या दवाखान्यात आठवड्याला जी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहता आणि जी औषधाने सुटत नाही, ती लिहा. आरोग्य मंडळाची मुदत तीन वर्षांची असते, आणि नवीन सदस्याने पहिले सहा महिने फक्त ऐकले तरी कोणी काही म्हणत नाही. बैठकीची तारीख कळली की इथे लिहा. सुनावण्या खुल्या असतात, मी गाडी काढून येईन आणि मागच्या रांगेत बसेन.

दूरचा डॉक्टर

विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटविषयी लिहिले. चार ओळी पुरल्या नाहीत, मागच्या बाजूला गेलो. अर्ज दिला आहे.